एकोणतीसनंतर वीस

सायलीनं डब्याचं झाकण फिरवलं, "आजये, नाक धर," म्हणाली, आणि मी नाक धरायच्या आधीच एकवीस वर्षांची झाले.

तो वास ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगणं कठीण आहे. गोडसर, कडक, सरळ कपाळात जाणारा. अढीत एखादा आंबा विसरला जातो आणि चार दिवसांनी पेंढा बाजूला केला की दारूसारखी वाफ अंगावर येते, तिच्या जवळपासचा. प्लास्टिकचे पाईप एकमेकांना जोडायचं ते सोल्यूशन. दुकानदार त्याला सुलोशन म्हणतो, प्लंबर सुलेशन म्हणतो आणि आमच्या घरात त्याला सुलोचना म्हणतात. का म्हणतात ते पुढे येईल. त्यात माझी बरीच शोभा होणार आहे, पण सदुसष्टाव्या वर्षी शोभा जपून ठेवायला कपाट कुठाय.

वैशाख आहे. दुपारी सगळी वाडी डोळे मिटून पडलेली असते. डोंगरमाथ्याच्या सड्यावरचा कातळ तापतो आणि त्याच्यावरची हवा पाण्यासारखी हलते. दारापुढच्या खळ्यात आमसुलं वाळत पडली आहेत, त्यांच्या लाल रसाचे डाग माझ्या पायांच्या अंगठ्यांना लागले आहेत. मागच्या खोलीत अढीतला हापूस पिकतोय, आणि वारा पडला की कुणकेश्वरच्या बाजूनं समुद्राचा आवाज येतो. कुणीतरी लांब बसून तांदूळ पाखडत असल्यासारखा. हे सगळं दरवर्षी असतं. दरवर्षी मी त्याच्यातून चालत जाते, काही होत नाही. या वर्षी त्याच्यात सुलोचना मिसळली, आणि मग माझा इलाज चालला नाही.

सायली माझ्या मुलीची मुलगी. कणकवलीला वाढली, शिकली, आणि आता माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्या समुद्र बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी तयार करतेय. पाहुण्यांना डोक्यावरून पडणारं पाणी लागतं. त्यासाठी खोल्यांवर नवी टाकी बसवली, आणि आमच्या जुन्या पाईपलाईनचं पाणी काही त्या टाकीत चढेना. प्लंबर महिनाभर "उद्या सकाळी येतंय" म्हणत होता. शेवटी सायली म्हणाली, "तेची वाट बघत रवलो तर पाहुणे बादली घेवन बावीर जातीत." मोबाईलवर बघून बघून ती स्वतःच शिकली. पाईप कापायची कात्री आणली, पॉलिश पेपर आणला, पांढरे पाईप आणि वळणांना लावायचे एल्बो आणले. आणि जुनी लाईन कुठून कुठे गेली आहे ते बघायला कुदळ घेऊन विहिरीपासून उकरत निघाली.

तासाभरानं घामानं निथळत वर आली. कमरेवर हात.

"आजये, ह्या कोणी घातल्यान?"

"काय गो?"

"ही लाईन. बावीपासून रांदपाच्या खोलीपर्यंत सरळ इली तर तीन एल्बो पुरतत. हयसर अकरा आसत! अकरा! पाणी बिचारा वळान वळान दमता आणि मगे येता. कोणाच्या डोक्यातली अक्कल ही?"

"तुझ्या आजोबांची," मी लगेच म्हणाले, आणि आमसुलं उलटायला लागले. मेलेल्या माणसावर घातलं की तो उलट उत्तर देत नाही, एवढं या वयात कळतं.

पण पोरीनं विचारलं ते बरोबरच होतं. पंचेचाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, ह्याचंच नवल. ज्यांनी पहिल्यांदा विचारायला हवं होतं, त्यांनीही कधी विचारलं नाही.

हे मुंबईला एका कारखान्यात देखभालीच्या खात्यात होते. वर्षातून एकदा, वैशाखात, महिन्याची रजा. आमच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती, म्हणजे हिशेब केला तर नवरा माझ्या वाट्याला दोन महिने आला होता. त्यातला पहिला महिना पाहुण्यांनी खाल्ला, दुसरा ह्यांच्या तापानं. हा तिसरा वैशाख. या वेळी मी ठरवून टाकलं होतं: कुणकेश्वरला जायचं, देवळामागच्या वाळूत बसायचं, आणि मी बोलायचं, ह्यांनी ऐकायचं. काय बोलायचं ते मी पाणी भरताना पायऱ्यांवर रचत असे. आमची विहीर उताराखाली. चढून यायला एक्केचाळीस पायऱ्या, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, दिवसाच्या पंधरा-सोळा खेपा. म्हणजे बोलणं रचायला भरपूर वेळ.

आणि मग ह्यांचं पत्र आलं. वाडीत वीज आली होती, तेव्हा विहिरीवर पंप बसवायचा आणि स्वयंपाकघरात नळ आणायचा असा बेत लिहिला होता. पाईप कणकवलीहून ट्रकनं येतील. आणि खाली: "येताना सोबत सुलोशन घेऊन येत आहे. ते उन्हात राहू शकत नाही. चुलीजवळही ठेवता यायचे नाही. तरी माजघरात गारव्याची जागा बघून ठेवणे."

ह्यांच्या अक्षरात श आणि च सख्खे जुळे भाऊ. मी वाचलं, सुलोचना.

तुम्ही म्हणाल, पुढे 'ते' लिहिलंय, मग बाई कशी असेल? पण आमच्या मालवणीत लग्नाच्या वयाची पोर ही 'ती' नसतेच. ते चेडू. 'ता इला, ता हसला, ता नाचला.' तेव्हा 'ते' वाचून माझा संशय फिटण्याऐवजी पक्का झाला. एवढंच नव्हे, मला तिचं वयही कळलं! मुंबईची आहे. तरुण आहे. उन्हात उभी राहत नाही. चुलीजवळ जात नाही. म्हणजे भाकऱ्या मी भाजायच्या आणि ही माजघरात गारव्याला बसणार.

आज त्या एकवीस वर्षांच्या माझ्याकडे बघितलं की मला त्या मुलीच्या डोक्यावर हंडा पालथा घालावासा वाटतो. दोन दिवस रडली. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाली, कांदो चिरत होतंय. वैशाखात दोन दिवस कोण कांदा चिरतं? आणि एवढं रडूनही माजघराचा कोपरा शेणानं सारवून ठेवलाच, कारण नवऱ्याचा शब्द मोडायची हिंमत नाही. वर चटई अंथरली. फक्त चटई फाटकी शोधून काढली. ते माझं बंड.

हे आले. मी ह्यांच्या पाठीमागे बघितलं. रस्ता मोकळा.

"खंय आसा ता?" मी विचारलं.

"कोण?"

"तुमची सुलोचना."

 ह्यांनी पिशवी खाली ठेवली, टॉवेलांच्या खालून एक बुटका पत्र्याचा डबा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "ही घे," म्हणाले. "उनात ठेवू नको हां तिका."

हसले नाहीत. हसू मिशीच्या आत ठेवायची सवय होती. मिशी तेवढी जराशी हलली. फाटक्या चटईवर तो डबा महिनाभर राहिला, आणि त्याचं नाव सुलोचना ते सुलोचनाच. माझ्या मुलीला तर शाळेत जाईपर्यंत वाटायचं की ते कंपनीचं नाव आहे.

कारस्थानी माणसाला वाटतं की आपण फार हुशार. मला त्या वर्षी तसं वाटायला लागलं, ते पहिल्या सांध्यापासून.

पहिले चार-पाच दिवस मी रुसलेली. कुणकेश्वरचं नाव काढलं की हे म्हणत, "पाईप झाले काय जाव." हे उतारावर चर खणायचे आणि मी शेजारून हंडे घेऊन चढायची, मुद्दाम पैंजण वाजवत. मला पाणी नको होतं. मला हे हवे होते. पाणी काय, मी आणत होतेच की. ते चर, ते राखाडी लांबलचक पाईप, तो डबा, सगळ्यांनी मिळून माझा महिना गिळायला घेतला होता.

मग एका सकाळी हाक आली, "गो, हयसर ये. वायंच धर."

वायंच म्हणजे जरासंच, पण ट्रकनं आलेले पाईप वीस-वीस फुटांचे. एका माणसाला दोन्ही टोकं सांभाळता येत नव्हती. ह्यांनी पाईप कानशीनं घासून गुळगुळीत केला, एल्बो कोरडाच बसवून बघितला, पेन्सिलीनं खूण केली, काढला, फडक्यानं दोन्ही पुसले. ओलसर राहिलं तर धरत नाही म्हणाले. मग सुलोचनेचं झाकण उघडलं. झाकणालाच आतून कुंचला होता, तो पाईपाच्या बाहेरून आणि एल्बोच्या आतून एकेकदा फिरवला आणि म्हणाले, "आता बोलू नको. धर." एल्बो माझ्या हातात. ह्यांनी पाईप आत रेटला, पाव वळसा दिला, आणि एल्बो फिरू नये म्हणून स्वतःचा दुसरा हात माझ्या हातावर दाबून धरला.

"सोडू नको. आताच सोडलंस तर मागे सरता. तीस मोज."

दहा पावलांवर खळ्यात सासूबाई आमसुलं राखत बसलेल्या, हातात कावळे हाकलायची काठी. भर उजेड. त्या घरात दोन वर्षांत नवऱ्यानं माझा हात उजेडी धरला नव्हता. पाण्याचा तांब्या देतानासुद्धा बोटाला बोट लागलं तर मी दचकून आधी सासूबाईंकडे बघायची. आणि आता त्यांच्या डोळ्यांसमोर माझा हात ह्यांच्या हाताखाली होता, आणि कुणाला काही म्हणता येत नव्हतं. कारण तो हात नव्हता. तो सांधा होता.

मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. ह्यांच्या तळहाताला कानशीचा पांढरा भुगा लागलेला. सांध्याभोवती सोल्यूशनचं बारीक कडं फुटून आलं होतं. फणसावर कुठेतरी कुकुडकोंबा, तुमचा भारद्वाज, घुमत होता. तीस कधी झाले ते कळलं नाही. हात उचलला गेला, आणि माझ्या हाताच्या पाठीवर जरा गारवा राहिला, तोही उन्हानं लगेच पुसून टाकला.

त्या दुपारी जेवायला बसले तेव्हा मला रुसवा आठवेना. मी एकच हिशेब करत होते. तीन एल्बो. एका एल्बोला दोन तोंडं. म्हणजे फक्त सहा वेळा. त्यातली एक संपली.

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंच्या शेजारी बसून आमसुलं उलटता उलटता सहज म्हणाले, "आये, पाईप देवचाराच्या धोंड्याक घासान जातलो ना?"

देवचार म्हणजे आमच्या जमिनीचा राखणदार. तो रात्री घोंगडी पांघरून, काठी टेकत आपल्या हद्दीतून फिरतो असं सगळे मानतात, आणि उताराच्या मध्यावर त्याचा धोंडा आहे. त्याला वर्षाला नारळ देतात. त्याच्या वाटेत काही आडवं घालत नाहीत.

सासूबाईंच्या हातातली काठी थांबली. "दिगू!" त्यांनी हाक मारली. "पाईप देवचारापासून लांबसून ने. तेच्या पायात येवक होया नाय."

हे धोंड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरा." धोंडा टाळून बाहेर जायचं, पुढे जायचं, परत आत यायचं, पुन्हा सरळ व्हायचं. चार एल्बो. आठ सांधे.

देवाला माझ्या कारस्थानात ओढलं याची मला लाज वाटली असेल असं तुम्हाला वाटेल. नाही वाटली. तीन दिवसांनी मी फणसाला ओढलं. म्हटलं, मुळांवरून पाईप गेला तर फणस रुसतो, माझ्या माहेरी रुसला होता. माझ्या माहेरी फणस नव्हताच. पण सासूबाई फणसाच्या बाबतीत हळव्या. आणखी चार एल्बो. हे कणकवलीला जाऊन घेऊन आले. मुकाट.

एका सांध्याच्या वेळी मी धीर करून विचारलं, "ह्या डिंक आसा?" त्या रजेतलं ह्यांचं सगळ्यात मोठं भाषण मला त्या वेळी ऐकायला मिळालं. "डिंक नाय. डिंक दोघांच्या मधी बसता. ह्या तसा नाय. ह्या हेका पण वायंच विरघळवता, तेका पण वायंच विरघळवता. मगे सुकला काय दोन रवणत नाय. सोडवूचा म्हटला तर कापूकच लागता." एवढं बोलून स्वतःच ओशाळले आणि डब्याचं झाकण जास्तच घट्ट लावलं.

आणि मोजणं. मोजण्याची गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती, आता लिहितेच आहे तर लिहून टाकते. तिसऱ्या की चौथ्या सांध्याला मी मोठ्यानं मोजत होते. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस... आणि तोंडातून आलं, "वीस. एकवीस. बावीस..."

 ह्यांनी खाली मान घालून पाईप धरलेला. हात हलला नाही. मी पुन्हा एकोणतीसपर्यंत आले, आणि या वेळी नाइलाजानं तीस म्हणाले.

मग ती रीतच झाली. एकोणतीस आलं की पाय घसरल्यासारखं मी वीसवर यायची. कधी दोनदा. मला वाटायचं, यांचं लक्ष पाईपात आहे. आणि त्यातूनही ओळखलंच तर म्हणता येईल, चौथी शिकलेली बाई, चुकते मोजताना. खरं म्हणजे मी सातवी पास होते आणि गणितात माझा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. तो हात शेवटी असा धरला गेला!

खळ्यातून सासूबाई ओरडायच्या, "काय गो, सांधो धरतस काय अंडी उबवतस?"

"सुकूक होया, आये."

"दिगू, बायलेक मोजूक शिकव रे!"

"शिकवतंय," हे म्हणायचे. मान वर न करता.

एकोणतीस हा शब्दच बघा ना. स्वतःचं असं काही नाही त्याच्यात. तीस व्हायला एक उणा, एवढीच त्याची ओळख. आपल्या बोलण्यात असे आकडे आहेत, पुढच्याच्या दारात उभे राहून आपण अजून तो नाही असं सांगणारे. त्या वर्षी मला तो आकडा फार आवडायला लागला. संपायला आलेलं, पण न संपलेलं. त्या उंबऱ्यावर मी जन्मभर बसायला तयार होते.

पण रजा मोजणारे मुंबईचे साहेब होते. ते एकोणतीसनंतर वीस म्हणत नाहीत.

माझ्या आठ फुकटच्या एल्बोंनी दिवस खाल्ले, आणि शेवटचा सांधा, स्वयंपाकघराच्या भिंतीतला, लागला तो रजेच्या एकोणतिसाव्या दिवशी, सूर्य समुद्रात बुडताना. पूर्ण एक दिवस सुकल्याशिवाय पाणी सोडायचं नाही, हा ह्यांचा नियम. तिसाव्या दिवशी दुपारी जामसंड्याहून मुंबईची गाडी. जेवून, पिशवी खांद्याला लावून हे स्वयंपाकघराच्या दारात आले. नळाकडे बघितलं. तोटी एकदा फिरवून परत बंद केली. कोरडी.

"सांज होयसर सोडू नको," म्हणाले, आणि गेले.

त्या संध्याकाळी पंप मी चालू केला. धावत वर आले आणि नळाला कान लावून उभी राहिले. आधी नुसती हवा फुसफुसली. मग खालून पाणी येताना ऐकू यायला लागलं. विहिरीकडचं वळण घेतलं. देवचारापाशी घुटमळलं. फणसाला वळसा घातला. एकेक वळणाला त्याचा आवाज जरा बदलायचा, आणि प्रत्येक वळणाला मला माहीत होतं की आता ते कुठे आहे, कारण त्या प्रत्येक जागी मी उभी होते, हात धरून. मग नळातून आधी लालसर, नंतर स्वच्छ पाणी माझ्या पायांवर पडलं. सासूबाईंनी नळाला हळदकुंकू वाहिलं, जास्वंद खोवलं. आणि ज्या माणसानं महिनाभर उन्हात राबून ते आणलं, तो तेव्हा गाडीत होता. मी ते आठ एल्बो हट्टानं घातले नसते तर तो इथे, ह्या दारात, पाणी बघत उभा असता. आणि रजेचे चार दिवस उरले असते. कुणकेश्वरही झालं असतं.

म्हणजे मिनिटामिनिटाचे तुकडे चोरण्यासाठी मी अख्खे चार दिवस घालवले. हुशार मुलगी! गणितात पहिली!

मी नळाखाली बसून पुन्हा रडले. कांदा नव्हता म्हणून सांगितलं, पाणी उडलं.

पत्रात लिहिलं, पाणी आलं. उलट टपाली उत्तर आलं: "सांधे गळतात का?" एवढंच. ते माझं प्रेमपत्र. मी लिहिलं, एकही नाही. पुढच्या माघात मुलगी झाली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, नळाचं पाणी सुनेला मानवलं.

पुढे हे निवृत्त होऊन आले, वीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो, कुणकेश्वरला कितीदा तरी गेलो. ह्या लाईनीच्या कडेनं रोज चालायचो. पण मी कधी विचारलं नाही. काय विचारणार? तुम्हाला कळलं होतं का? कळलं नसेल, तर माझ्या लबाडीनं त्यांचा पाणी बघायचा दिवस गेला, आणि तो मी चोरला असं कबूल करायला लागणार. कळलं असेल, तर... तर काय, ते मला धड विचारातही आणता येत नसे. मग हे गेले आणि प्रश्न माझ्याकडेच राहिला. कधी नळ सोडला की पाणी यायच्या आधीच्या त्या फुसफुशीत तो ऐकू यायचा.

परवा सायलीनं जुनी लाईन कापली. फणसापाशी बसून ती एकेक एल्बो बाजूला टाकत होती, आणि शेवटी माझ्यानं राहवेना. देवचाराचं सांगितलं. फणसाचंही सांगितलं. पोर कुदळ टाकून हसत बसली. "आजये! देवचाराक फसवलंस तू? आणि आजोबांका?" मोजण्याचं मात्र बोलले नाही. म्हटलं, एवढं एक तरी माझ्याजवळ राहू दे.

कापलेला एक एल्बो तिनं माझ्या हातात दिला. मी आत बोट घालून फिरवलं. पाईप कुठे संपतो आणि एल्बो कुठे सुरू होतो, ते बोटाला सापडलं नाही.

नवी लाईन सरळ आली. देवचाराची क्षमा मागून, नारळ ठेवून, धोंड्याच्या बाजूनं नीट गेली. आज दुपारी शेवटचा सांधा उरला होता, तोच स्वयंपाकघराच्या भिंतीतला. सायलीनं सुलोचनेचा कुंचला फिरवला. "आजये, हयसर ये. वायंच धर."

मी एल्बो धरला. तिनं पाईप रेटला, पाव वळसा दिला आणि दुसरा हात माझ्या हातावर ठेवला. तिचा हात घामानं ओला, बोटांना पांढरा भुगा. माझ्या हाताची कातडी आता सैल झाली आहे, ती जरा सरकली. बाहेर आमसुलं वाळत होती. कावळे हाकलायला कुणी नव्हतं.

ती मोजायला लागली, ओठांतल्या ओठांत, आपल्याच नादात. पंधरा. सोळा. मी भिंतीकडे बघत होते. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस...

"वीस," सायली म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती पाईपाकडे बघत होती.

"काय म्हटलंस?"

"वीस. एकोणतीसनंतर."

"तुका कोणी शिकवल्यान असा मोजूक?"

"आजोबांनी. मी ल्हान होतंय तेव्हा, बागेतलो नळ जोडताना. म्हणाले, पाईपाचो सांधो धरलो काय एकोणतीसनंतर वीस येता. शाळेत बाईंका सांगू नको, तेंका ठावक नसता." ती हसली. मग जरा थांबून म्हणाली, "आणि आजयेकडे पण बोलू नको, म्हणाले. तिका वाटता, माका कळूक नाय."

फणसावर कुकुडकोंबा घुमत होता. तिनं हात उचलला नव्हता. मीही सोडला नाही.

"एकवीस," मी म्हणाले.